गिल्ड वॉर्स २: २८ ऑक्टोबर २०२५ चं नवीन एक्सपान्शन घेऊ, का जुना जोड आधी?

उद्यमबाग_सेकंडशिफ्ट

नमस्कार मंडळी. बेळगावातल्या वडगावचा आहे, उद्यमबागेत सीएनसीवर सेकंड शिफ्ट. गिल्ड वॉर्स २ हा ऑनलाइन गेम फुकटच्या अकाउंटवर खेळायलोय. एकच पात्र आहे, नेक्रोमॅन्सर (भुताखेतांची जादू करणारा), त्याला ८० लेव्हलपर्यंत आणलंय आणि आता तिथंच अडकलोय. माऊंट (बसून पळायचं जनावर) नाही, ग्लायडर (हवेत तरंगायचे पंख) नाही. वर्ल्ड बॉस (सगळ्यांनी मिळून मारायचा मोठा राक्षस) आला म्हटलं की बाकीचे अंगावरनं भुर्रकन निघून जातात. मी पळत पोचेपर्यंत बॉस आडवा, पेट्या उघडून मंडळी पांगलेली.

२८ ऑक्टोबरला व्हिजन्स ऑफ इटर्निटी हे नवीन एक्सपान्शन (गेमचा विकतचा वाढीव भाग) येतंय. दिवाळीचा बोनस झालाय, त्यातले दोन-अडीच हजार आईच्या नकळत बाजूला काढता येतील. त्याच्या वर जमणार नाही. मग हे नवीन घेऊ, का हार्ट ऑफ थॉर्न्स आणि पाथ ऑफ फायर ही पहिली दोन एक्सपान्शनं एकत्र मिळतात तो जोड घेऊ?

मित्र म्हणतोय, जुनं घेणं म्हणजे पैसे पाण्यात. नवीन आलं की जुन्यातली हत्यारं सगळी भंगारात. तो दुसरा एक गेम खेळतो, महिन्याच्या महिन्याला पैसे भरायचा. तिथं तसंच असतंय म्हणे. इथं पण तसंच काय?

आणखी एक. माझं डेबिट कार्ड त्यांच्या साइटवर चालंना. स्टीमवर यूपीआय चालतंय असं ऐकलंय, तिथनं घेतलं तर? लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, रॅम ८ जीबी. दादा, ताई, ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगा.

झेरॉक्सवाला_खानापूर

आधी तुझ्या मित्राचं निस्तरू, मग बाकीचं.

हा गेम २८ ऑगस्ट २०१२ ला आला, तेव्हा वरची लेव्हल ८० होती. आज पण ८० च आहे. त्या वर्षी नोव्हेंबरात असेंडेड दर्जाचं सामान आलं, त्याच्या वरचे आकडे कंपनीनं आजतागायत काढलेले नाहीत. लेजंडरी म्हणून जे मिरवतात त्याचे आकडेसुद्धा असेंडेडएवढेच. फरक एवढाच की लेजंडरीचा गुण पाहिजे तेव्हा बदलता येतो, आणि ते दिसायला झगमगीत. पाच एक्सपान्शनं आली, एकानंही आधीच्याची हत्यारं मोडीत काढली नाहीत. २०१३ साली कुणी असेंडेड गदा बनवून ठेवली असेल तर ती त्यानं २८ तारखेला खुशाल नव्या बेटावर न्यावी. मित्राला सांग, महिन्याचं भाडं तिकडं, इकडं एकदाच पैसे.

मग ही माणसं विकतात काय? तर दर खेपेला नवीन मुलूख आणि अंगात एखादी नवी कला. २०१५ च्या हार्ट ऑफ थॉर्न्सनं ग्लायडर दिला, आणि प्रत्येक पेशाला पहिली एलिट स्पेशलायझेशन (पेशाची खास शाखा). २०१७ च्या पाथ ऑफ फायरनं माऊंट दिले: रॅप्टर, स्प्रिंगर, स्किमर, जॅकल, आणि लपवून ठेवलेला ग्रिफॉन. फेब्रुवारी २०२२ च्या एंड ऑफ ड्रॅगन्सनं मासेमारी, होडी आणि दोघांनी मिळून चालवायचं ते तोफवालं कासव. २०२३ च्या सीक्रेट्स ऑफ द ऑब्स्क्युअरनं स्कायस्केल (उडता माऊंट) लवकर हातात दिला. २०२४ च्या जांथिर वाइल्ड्सनं राहायला घर आणि जमिनीवर वापरायचा भाला. आता हे सहावं: कास्टोरा नावाचं बेट, नऊच्या नऊ पेशांना नवी एलिट स्पेशलायझेशन, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या स्किमरला नव्या करामती.

तेव्हा तुझ्या नेक्रोला आज कशाची नड आहे तेवढंच बघ. तुझ्याच तोंडनं सांगितलंस की, पोचता येत नाही. मग जोड घे. पाथ ऑफ फायरच्या कथेचा पहिलाच टप्पा खेळलास की रॅप्टर तुझा, आणि तो टप्पा एका बैठकीत होतो. हार्ट ऑफ थॉर्न्समधनं ग्लायडर. वर नेक्रोला दोन एलिट, रीपर आणि स्कर्ज. त्यातला रीपर म्हणजे दोन हातांची मोठी तलवार घेऊन घोळक्यात घुसायचं आणि मरायला आलास की श्राउडमध्ये (दुसऱ्या जीवासारखं भुताचं रूप) शिरायचं. शिफ्ट करून दमून आलेल्या माणसाला याच्यासारखा पेशा नाही. बोटं कमी हलली तरी चालतंय.

जोडाची छापील किंमत २९.९९ डॉलर, पण सेलमध्ये निम्म्यावर येतो, आणि सेल वर्षातनं बऱ्याचदा असतो. नवीन २४.९९ ला, आणि नव्यावर इतक्यात कुणी सूट देणार नाही. शिवाय २०२३ पासून यांची पद्धत अशी की पहिल्या दिवशी नकाशे दोनच (या खेपेला शिपरेक स्ट्रँड आणि स्टारलिट वील्ड), उरलेलं तीन-तीन महिन्यांनी हप्त्यानं. अर्धं शिजलेलं ताट पळत जाऊन वाढून घेण्यात काय हशील? पुढच्या पावसाळ्यापर्यंत सगळं पुरं होईल, तोवर तू अख्खा मगुमा जंगल फिरून येशील.

निपाणीची_मेस्मर

खानापूरकर दादा, हिशेब बरोबर मांडलात, पण दुकानदाराचा मांडलात.

नवीन नकाशाचे पहिले काही आठवडे पुन्हा येत नाहीत. तेव्हा कुणालाच काही माहीत नसतं, म्हणून सगळे सगळ्यांना सांभाळून घेतात. कमांडर (घोळक्याचे म्होरके) थांबतात, चॅटमध्ये चार-चारदा समजावून सांगतात, मेलेल्याला उठवायला पाच जण धावतात. सहा महिन्यांनी तिथंच गेलात तर माणसं असतात, पण घाईत. नवखा दिसला की आपण होऊन कुणी बोलत नाही. जांथिर आलं तेव्हा मी पहिल्या रात्रीच गेले होते. रस्ता कुणाला ठाऊक नाही, पन्नासभर माणसं एका कड्याखाली नुसती उड्या मारत बसलेली. असला गोंधळ मला तरी बॉसपेक्षा जास्त आवडतो.

आणि जांथिरचं घर तुम्ही एका शब्दात उरकलंत, हे काही पटलं नाही. होमस्टेड म्हणजे आपल्याकडं पोरं दिवाळीला अंगणात किल्ला करतात ना, तसलं आहे. दगड कुठनं आणायचा, बुरूज कुठं, विहीर कुठं, मावळे कुठं उभे करायचे, आणि शेजारच्यापेक्षा आपला भारी कसा दिसेल. मी एक अख्खी भिंत फळ्या तिरक्या करून करून उभी केली. तिच्यावरनं माझा पोरगा रोज उडी मारतो आणि मी रोज ओरडते. लढाई एवढीशी पण नाही त्यात. कितीतरी बायका मी त्या घरांतच भेटले, बॉसच्या रांगेत नाही.

उद्यमबाग, तुझ्या नेक्रोला आता येणारी नवी एलिट, रिच्युअलिस्ट, पण बघून ठेव. आत्मे बोलावून त्यांच्याकडनं कामं करून घ्यायची. पहिल्या गिल्ड वॉर्समध्ये, २००६ च्या फॅक्शन्समध्ये, हा स्वतंत्र पेशा होता. जुनी मंडळी एवढ्या वर्षांनी हे नाव परत ऐकून नाचायलेत. वॉरियरला येतोय तो पॅरागॉन पण त्याच वर्षीच्या नाइटफॉलमधला. माझ्या मेस्मरला ट्रुबाडूर, म्हणजे वाजवत-गात लढायचं. मी वाटच बघायलेय.

फुकट अकाउंटची सगळी आडकाठी कुठलंही एक एक्सपान्शन घेतलं की सुटते, हे दोघांनी पण लक्षात घ्या. दोनाची पाच पात्रं होतात, ट्रेडिंग पोस्ट (गेममधला बाजार) पूर्ण उघडतं, चॅट-पत्रांवरची बंधनं जातात. त्यासाठी जुनाच जोड पाहिजे असं काही नाही.

पुण्यातला_बेळगावकर

पैशाचं तेवढं मी सांगतो, बाकी तुमचं चालू दे.

स्टीमवर यूपीआय चालतं, खरं आहे. पण तुझं अकाउंट जर त्यांच्या साइटवर उघडलेलं असेल तर स्टीमवरनं घेतलेलं एक्सपान्शन त्याला लागत नाही. गेम स्टीमवर ऑगस्ट २०२२ मध्ये आला, तेव्हापासनं दोन्हीकडची अकाउंटं वेगळी आहेत. स्टीमवर घेतलंस तर नवीन अकाउंट, नवीन पात्र, पहिल्या लेव्हलपासनं. तुझा ८० चा नेक्रो तिकडं येणार नाही. हे आधी नीट डोक्यात घे आणि मगच यूपीआयचा पिन टाक.

कार्ड चालत नाही त्याचं कारण बहुतेक साधं असणार. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं २०२० पासनं नवीन कार्ड फक्त देशातल्या व्यवहारासाठी चालू असतं, आणि तेही एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतं. परदेशी व्यवहार आपण होऊन चालू करावा लागतो. बँकेच्या ॲपमध्ये कार्डच्या सेटिंगला जा, ‘आंतरराष्ट्रीय’ उघड, त्यात ‘ऑनलाइन’ चालू कर, मर्यादा तीन हजार ठेव. पैसे भरून झाले की लगेच बंद. डॉलरचा भाव अठ्ठ्याऐंशीच्या आसपास धरला तर २४.९९ म्हणजे बावीसशे, वर बँकेचा चलनबदलाचा आकार आणि त्याच्यावर जीएसटी. तुझ्या अडीच हजारात बसतं, पण काठाकाठानं.

आणि कुठल्या तरी साइटवर निम्म्या किमतीत कोड मिळतोय म्हणून जाऊ नको. चोरीच्या कार्डावर घेतलेला कोड निघाला तर कंपनी तो रद्द करते, मग तक्रार करायला तोंड राहत नाही.

उद्यमबाग_सेकंडशिफ्ट

सगळ्यांचे आभार. कार्डाचं तसंच होतं, ॲपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय’ बंदच होतं. पुण्याचे दादा, तुमचा एक कुंदा माझ्याकडं लागू.

मित्राला ८० चं सांगितलं. तो म्हणतोय, लेव्हल वाढत नाही तर मग खेळायचं कशाला. त्याला उत्तर काय द्यायचं ते कळंना झालंय, राहू दे.

आता अडचण वेगळी. मी घरी येऊन जेवून बसेपर्यंत बारा वाजतात. त्या वेळेला बेटावर काळं कुत्रं तरी असेल काय? आणि ताई म्हणतायत तसली पन्नास-पन्नास माणसं स्क्रीनवर आली तर माझ्या लॅपटॉपचं काय होईल? गर्दीत आत्ताच चित्रं थिजतात.

झेरॉक्सवाला_खानापूर

रात्री बारा? अरे तुझी सेकंड शिफ्ट म्हणजे लॉटरी आहे, तुला माहीत नाही.

तू युरोपच्या सर्व्हरवर असशील असं धरतो, आपल्याला तोच जवळचा. आपले रात्रीचे साडेबारा म्हणजे तिकडं रात्रीचे आठ-नऊ. ऑफिसं सुटून, जेवणं होऊन मंडळी नुकती बसलेली असतात. भरगच्च गर्दी. उलट आमच्यासारखे सकाळी दुकान उघडायच्या आधी बसणारे, त्यांना ओसाड गावं मिळतात. बॉसची वेळापत्रकं जागतिक वेळेवर बांधलेली आहेत, त्यामुळं २६ तारखेला युरोपवाले त्यांची घड्याळं मागं घेतील तरी आपल्याकडं काही हलत नाही. टेक्वाटल हा वर्ल्ड बॉस रात्री साडेनऊला आणि साडेबाराला. साडेनऊचा तुझा हुकतो, साडेबाराचा मिळतो. दिवसाची कामं पहाटे साडेपाचला बदलतात, म्हणजे झोपायच्या आधी कालची उरकून घे.

लॅपटॉपसाठी: ग्राफिक्सच्या पानावर ‘कॅरेक्टर मॉडेल लिमिट’ आणि ‘कॅरेक्टर मॉडेल क्वालिटी’ असे दोन पर्याय आहेत. दोन्ही एकदम तळाला ने. आजूबाजूची माणसं सगळी एकसारखी, राखी बाहुल्यांसारखी दिसतील, काहींची नुसती नावं दिसतील. दिसू दे. बॉस दिसतो, जमिनीवरची लाल वर्तुळं दिसतात, काम झालं. सावल्या आणि प्रतिबिंबं बंद. ‘इफेक्ट एलओडी’ चालू कर, म्हणजे दुसऱ्यांच्या जादूची आतषबाजी कमी होते. माझा लॅपटॉप तुझ्याहून म्हातारा आहे, दुकानात दिवसभर उताऱ्यांचे फॉर्म भरतो आणि रात्री ड्रॅगन मारतो.

आता मी जोड का म्हणतो ते सांगतो, कारण ताईंच्या गर्दीच्या मुद्द्याला उत्तर द्यायचं राहिलंय. ऑरिक बेसिन म्हणून हार्ट ऑफ थॉर्न्सचा नकाशा आहे. त्यात तारीर नावाचं सोन्याचं शहर, चार दिशांना चार दरवाजे, आणि प्रत्येक दरवाजावर ऑक्टोव्हाइन नावाची एक राक्षसी वेल. दहा वर्षं जुना नकाशा. पण दर दोन तासांनी ही लढाई लागते आणि आजसुद्धा नकाशा ओसंडतो. गंमत अशी की चारही वेली एकदमच मेल्या पाहिजेत. एक मेली आणि बाकीच्या राहिल्या की ती परत उठते. म्हणून वेल दहा टक्क्यांवर आली की कमांडर ओरडतो, थांबा, हात मागं घ्या. पन्नास माणसं हत्यार म्यान करून नुसती उभी. उत्तरेवाले तयार, पूर्वेवाले तयार, दक्षिणेला अजून वीस टक्के. सगळे दक्षिणेला शिव्या घालायलेत. आणि मग एकदम आदेश येतो, पाडा. चारही दरवाजांवर एकाच दमात. खाली खजिन्याच्या खोल्यांत पेट्याच पेट्या, पिशव्यांत जागा ठेवून जा. ही लढाई पण रात्री साडेबाराला असते, टेक्वाटलच्याच वेळेला, पण परत अडीचला आहेच.

त्या लढाईत दक्षिण दरवाजा दहा टक्क्यांवर असताना आमच्या गल्लीतला करंट गेला. जुलै महिना, खानापूरचा पाऊस, सांगायला नको. लॅपटॉप बॅटरीवर चालू, पण राउटर मेला. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून परत शिरेपर्यंत नकाशा भरलेला, मला त्याच नकाशाच्या दुसऱ्या प्रतीत नेऊन टाकलं, तिथं वेली कुणी हात न लावलेल्या. तेव्हापासनं राउटरला छोटा यूपीएस लावलाय, बाराशे रुपयांचा. तुझ्या उरलेल्या पैशात नवीन एक्सपान्शन येत नाही, पण असला यूपीएस येतो. वडगावात करंट जात नसेल तर गोष्ट वेगळी.

निपाणीची_मेस्मर

बघा, दुकानदारच. विषय गेमचा आणि खपवायलेत यूपीएस.

ऑक्टोव्हाइनचं मान्य, मी पण जाते. पण तो दहा टक्क्याला थांबायचा शहाणपणा आज सगळ्यांना पाठ आहे म्हणून ती लढाई जिंकते. २०१५ ला पहिल्या महिन्यात तो शहाणपणा कुणीतरी मार खाऊन शोधून काढला असणार. मला त्या महिन्यात असायचंय, दहा वर्षांनी नाही. कास्टोरावर तसलं काय निघेल ते पहिल्या आठवड्यातच कळणार. १ नोव्हेंबरला शनिवार आहे, त्या दिवशी बेळगावात काय असतंय ते सगळ्यांना माहीत. राज्योत्सवाची मिरवणूक इकडं, काळ्या दिवसाची फेरी तिकडं, मध्ये पोलीस. तसंही कुठं बाहेर पडता येत नाही, बेटावरच बसा.

पुण्यातला_बेळगावकर

दोघं पण आपापल्या जागी बरोबर, पण पोराचे अडीच हजार एकदाच खर्च होणार आहेत. माझं मत खानापूरकरांच्या बाजूला, कारण वेगळं. माऊंट नसताना नवीन नकाशात पहिल्या दिवशी गेलं की ताई म्हणतात ती मौज पळत्या घोळक्याच्या मागनं बघावी लागते. ताईंकडं त्या रात्री स्कायस्केल होता की नाही, विचारा.

निपाणीची_मेस्मर

होता. 🙂

उद्यमबाग_सेकंडशिफ्ट

ठरलं मग. जोड घेतो, पण आत्ता पूर्ण किमतीला नाही. सेल लागेपर्यंत थांबतो, तोवर यूपीएस. आमच्या गल्लीत पण करंटची तीच बोंब आहे. सेलमध्ये निम्म्यावर आला तर तेराशे-चौदाशेत जोड, आणि उन्हाळ्यापर्यंत साठवून नवीन पण.

शेवटचं एक विचारतो. लॅपटॉप फॉरमॅट करायला टाकायचाय, आणि गेम परत उतरवायचा म्हणजे सत्तर-ऐंशी जीबी. माझा डेटा रोजचा दीड जीबी. आजन्म उतरवत बसू काय?

झेरॉक्सवाला_खानापूर

उतरवू नको. या गेमचा सगळा माल एकाच फाइलीत असतो, ‘जीडब्ल्यू टू डॉट डॅट’ नावाची. ती फाइल आणि शेजारची गेमची एक्सई, दोन्ही उचलून बाहेरच्या डिस्कवर टाकायच्या, फॉरमॅट झाला की परत आणून एका फोल्डरात ठेवायच्या आणि एक्सईवर डबल क्लिक. मधल्या काळात काही बदललं असेल तेवढंच उतरतं. फक्त डिस्क फॅट-३२ वर असेल तर घेणार नाही, तिच्यावर चार जीबीच्या वरची फाइल बसत नाही. एनटीएफएस नाहीतर एक्सफॅट करून ठेव, आणि करण्याआधी आतले फोटो दुसरीकडं हलव.

२८ तारखेच्या रात्रीनंतर माझ्याकडं नवीन बेटासकट ताजी फाइल असेल. खानापूरला कधी येणं झालं तर डिस्क घेऊन ये, कॉपी होईपर्यंत चहा पिऊ. ती फाइल फुकट अकाउंटला पण चालते, कुलूप अकाउंटला असतंय, फाइलीला नाही. मोठ्या फाइलीला यूएसबी ३ ची निळी वायर आण, काळीनं संध्याकाळ होईल.

निपाणीची_मेस्मर

आणि रॅप्टर मिळाला की मला ॲड कर. तारीरच्या दक्षिण दरवाजाला माणसं नेहमी कमी पडतात.